बागेची किल्ली कुणाकडे?

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या पेठ वडगावात मातीला भाव येतो. एरवी जिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही अशी माती, म्हणजे पडक्या वाड्याच्या जोत्याची, ओढ्याच्या काठची, कॉलनीमागच्या मोकळ्या तुकड्यावरची, पोरे घमेल्याघमेल्यांनी वाहून नेतात. दगड रचतात, फाटके पोते अंथरतात, चिखल लिंपतात, आणि दोन दिवसांत पन्हाळा उभा करतात. मग आईच्या डब्यातले अळीव आणि मोहरी मागून आणून तटाखाली पेरतात. चार-पाच दिवसांत गडावर हिरवे रान माजते. या कामाला निविदा निघत नाही, उद्घाटक लागत नाही, फीत कापावी लागत नाही. आणि ही जागा कुणाची, हा प्रश्न तर पोरांच्या मनातही येत नाही. तो मोठ्या माणसांच्या मनात येतो. आणि तो आला की पुढे पंचवीस वर्षे त्या जागेत गाजरगवताखेरीज काही उगवत नाही.

सणासुदीच्या अंकात भांडण नको, असे कुणी म्हणेल. पण फराळाच्या ताटात सगळेच गोड असून चालत नाही. चकलीला तिखट लागतेच. तेव्हा वाचकांनी हा लेख चकलीच्या जागी समजून घ्यावा.

मी पेशाने मास्तर, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. शेतकीची कसलीही पदवी मजजवळ नाही. पण पोरांना घेऊन या गावाच्या कडेकडेने पुष्कळ हिंडलो आहे, आणि एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली आहे : गाव वाढते तसे पडीकही वाढते. काल जिथे ऊस उभा होता तिथे आज बिगरशेतीचे दगड रोवले जातात, प्लॉट पडतात, बंगल्या उठतात, आणि मधोमध किंवा एका कोपऱ्यात एक तुकडा सुटतो. नकाशात त्याचे नाव 'खुली जागा'. प्रत्यक्षात तिथे घाणेरीची झुडपे, फुटक्या कौलांचा ढीग, कुणाच्या तरी बारशाच्या पत्रावळ्या आणि त्यांवर जगणारी कुत्री. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटते, ही कुणाचीच जागा नाही. तसे नाही, मंडळी. ती तुमची आहे. राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०२० च्या डिसेंबरात मंजूर झाली. तीत स्वच्छ लिहिले आहे की, एकरभर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे भूखंड पाडायचे तर दहा टक्के जागा रहिवाशांच्या विरंगुळ्यासाठी मोकळी सोडलीच पाहिजे. हे दान नव्हे. प्लॉट घेताना त्या जागेची किंमत तुमच्याच खिशातून गेलेली असते.

आता थोडे गणित करू. (मास्तराला याशिवाय चैन पडत नाही.) चार एकरांची वसाहत धरा, म्हणजे एकशे साठ गुंठे. तिचे दहा टक्के म्हणजे सोळा गुंठे. त्यातली निम्मी जागा पोरांच्या विटीदांडूला आणि क्रिकेटला काढून ठेवू; तिला कुणी हात लावायचा नाही. उरले आठ गुंठे, म्हणजे आठ हजार सातशे बारा चौरस फूट. साठ घरे असतील तर प्रत्येक घराच्या वाट्याला बारा फूट लांब आणि बारा फूट रुंद असा एक वाफा येतो. जाण्यायेण्याच्या वाटांसाठी त्यातला हातभर सोडा. तरीही महिन्याभरात काढणीला येणारी मेथी, तिच्या शेजारी कोथिंबीर, कडेला दोन मिरचीची रोपे, चार वांग्यांची, आणि बांधावर एक शेवगा, एवढे सुखाने मावते. साठ घरांचे पोट यावर भरणार नाही, हे मलाही कळते. पण साठ घरांतली माणसे संध्याकाळी एका जागी वाकून काम करतील, हे काय थोडे झाले?

पण असे होत नाही. होते ते वेगळेच, आणि त्याला 'सुशोभीकरण' असा भारदस्त शब्द आहे. हा शब्द कानी पडला की माझ्या पोटात गोळा येतो. नाव सांगत नाही, पण एका गावी असे सुशोभित झालेले उद्यान पोरांना दाखवायला घेऊन गेलो होतो. आधी जागेवरची होती नव्हती ती दोन कडुनिंबाची झाडे आणि एक करंज तोडून जागा 'साफ' केलेली. मग सगळीकडे सिमेंटचे ठोकळे बसवलेले; त्यांना पेव्हर ब्लॉक म्हणतात. मातीला श्वास घ्यायला जागा राहू नये याची इतकी काळजी स्मशानातही कुणी घेत नसेल. मधोमध फायबरचे हरीण, त्याचे एक शिंग मोडलेले. कडेने कोनोकार्पसची रांग. या परदेशी झुडपात घरटे मी तरी आजवर पाहिले नाही. प्रवेशद्वारावर फलक : फुले तोडू नयेत, हिरवळीवर बसू नये, चेंडू खेळू नये, डबा खाऊ नये. आणि फलकाखाली कुलूप. वेळ सकाळची सहा ते नऊ, आणि आम्ही पोचलो होतो अकराला. पोरे गजांतून हरणाकडे पाहत उभी राहिली. किल्ली ज्यांच्याकडे असते ते जेवायला गेले होते, असे शेजारच्या पानवाल्याने सांगितले.

माझे भांडण त्या हरणाशी नाही, कुलपाशी आहे. पडीक जागेला पहिला शाप उकिरड्याचा, आणि तो माणसांनी मनावर घेतले तर चार रविवारी निघतो. दुसरा शाप कुलपाचा. तो मात्र निघत नाही, कारण त्याला विकास म्हणतात.

आमचे गाव धनाजी जाधवांच्या समाधीचे. त्यांना इथे १७०८ साली मरण आले. मोगलांच्या घोड्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसत आणि ती बिचारी तहानलेलीच माघारी फिरत, असे आपण लहानपणापासून ऐकतो. आजच्या कारभाऱ्यांचे थोडेसे तसेच आहे. त्यांना मोकळ्या मातीत दुकानगाळे दिसतात. फरक इतकाच की घोडी पाण्यापासून दूर पळत, आणि ही मंडळी मातीपासून काही केल्या दूर होत नाहीत!

वृक्षारोपणवाल्यांनाही यात सोडता येत नाही. कन्हैयालाल मुन्शींनी १९५० साली देशात वनमहोत्सव सुरू केला. २०१९ साली आपल्या राज्याने एका पावसाळ्यात ३३ कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडला. संकल्पाला मी हसत नाही; मोठा विचार करणाऱ्याला हसू नये. पण रोप लावणे हे एका सकाळचे काम आहे आणि त्याला पाणी घालणे हे तीन उन्हाळ्यांचे. पहिल्या कामाला फोटोवाले येतात. दुसऱ्याला एक म्हातारी येते, कमरेवर कळशी घेऊन. तीही तिला येऊ दिले तर.

या म्हातारीबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण आमच्या सगळ्या आराखड्यांत आणि आदेशांत ती कुठेच नाही. आमच्या गल्लीत अशा चार-पाच आज्जी आहेत. कुणाचे रान रस्त्यात गेले, कुणाच्या भावाभावांत वाटण्या होऊन वाट्याला पाच गुंठे आले आणि तेही विकले गेले, कुणाचा मुलगा नोकरीला लागला आणि त्याने आईला गावाकडून उचलून तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवले. जन्मभर भांगलण, टोकणी, काढणी यांत ज्यांचे हात राबले त्या आता सोफ्याच्या कडेवर बसून दूरदर्शनसंचावर कुणाच्या तरी सुनेचे रडणे पाहतात. सून चांगली आहे, जेवण वेळेवर आहे, गोळ्या आहेत. हाताला मात्र काम नाही. त्यातल्या एकीने बाल्कनीत रंगाच्या रिकाम्या डब्यात पावट्याचा वेल लावला. वेल खालच्या मजल्यावर उतरला म्हणून इमारतीच्या बैठकीत त्यावर चर्चा झाली! मला ती जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "मास्तर, वेलाला काय ठावं मजला कुठला संपला त्यो?" चौथीच्या पुस्तकातही इतके सरळ वाक्य मला सापडलेले नाही.

जे ज्ञान मिळवायला कृषी महाविद्यालयात चार वर्षे घालवावी लागतात, त्यातले निम्मे या बायकांच्या बोटांत आहे, आणि ते त्यांच्याबरोबरच सरणावर जाणार आहे. दुसरीकडे शासन आम्हा मास्तरांना सांगते की पोषण आहारासाठी शाळेत परसबाग करा. करू की! पण पोरांना वाफा बांधायला शिकवणार कोण? मी? मला कुदळ धरता येते, पण तिचा आणि माझा विशेष स्नेह नाही. शिकवणारी माणसे तिसऱ्या मजल्यावर बसली आहेत, शिकणारी शाळेत बसली आहेत, आणि दोघांच्या मधली जागा पडीक आहे. तिला बाग म्हणा किंवा शाळा म्हणा.

आता विरोधकांचे ऐकू. "मास्तर, वांगी तुम्ही लावणार आणि भरीत दुसराच खाणार," हा पहिला आक्षेप, आणि तो कट्ट्यावर मोठ्या हशात मांडला जातो. चोरी होईल हे मी मान्य करतो. शेतातून कणसे आणि बांधावरच्या कैऱ्या पळवून ज्यांचे बालपण गेले तेच लोक आज हा आक्षेप घेतात, म्हणून तर तो इतका अनुभवसिद्ध आहे. पण विचार करा : दोन वांगी चोरीला गेली तर गावातल्याच कुणाच्या तरी पोटात गेली. सोळा गुंठे चोरीला गेले तर? ते गुपचूप कुणाच्या घराच्या कंपाउंडात जातात, त्यावर टपरी येते, टपरीची पक्की भिंत होते, आणि त्या चोरीवर कट्ट्यावर कुणी हसत नाही. जागेवर माणसांचा वावर असला की ती गिळणे अवघड जाते. वांग्याच्या रोपासारखा राखणदार नाही. कारण त्याला पाणी घालायला रोज कुणीतरी येते.

दुसरा आक्षेप भांडणाचा. माणसे भांडतील. भांडू देत. पाण्याच्या पाळीवरून भांडणारी माणसे एकमेकांना नावाने ओळखू तरी लागतात; आज शेजारच्या बंगल्याला आपण गाडीच्या नंबरावरून ओळखतो.

तिसरा आक्षेप मात्र हळू आवाजात घेतला जातो, आणि खरा राग मला त्याचा आहे. "बाग केली की बाहेरची पोरं आत येतील." बाहेरची म्हणजे कोण, हे बोलणारा सांगत नाही, ऐकणाऱ्याला कळते. म्हणजे धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईंची पोरे, हंगामात ऊसतोडीला आलेल्यांची पोरे, ओढ्यापलीकडच्या वस्तीतली पोरे. त्यांच्या आया आपल्या स्वयंपाकघरात चालतात, त्यांचे बाप आपल्या रानातला ऊस तोडतात, पण त्यांच्या लेकरांनी आपल्या मेथीला हात लावायचा नाही! याच करवीर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९१९ साली सार्वजनिक विहिरी, पाणवठे, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचा हुकूम काढला. शंभर वर्षे उलटून गेली, त्यांचे पुतळे चौकाचौकांत उभे राहिले, आणि आपण बागेला कुलूप लावताना मनातल्या मनात पुन्हा तोच पाणवठा बाटवतो आहोत. ज्या बागेत ही पोरे येणार नसतील ती बाग मला नको. ती जागा कुत्र्यांनाच राहू द्या. ती निदान जात विचारत नाहीत.

"आमच्या मुरमाड जागेत काय उगवणार?" असेही काही सज्जन म्हणतात. त्यांना मी दूर पाठवत नाही, कोल्हापुरातच नेतो. श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' नावाने शेतकऱ्यांचे जाळे विणले. कुणी साहेब नाही, कुणी शिष्य नाही. प्रत्येकाने आपल्या रानात प्रयोग करायचा आणि दुसऱ्याला तो मोकळेपणाने सांगायचा. महाराष्ट्राच्या द्राक्षबागायतदारांनी या रीतीने किती मजल मारली ते सर्वांना ठाऊक आहे. दहा गुंठ्यांत पाच माणसांचे कुटुंब नीट जगू शकते, हे ते हिशेब मांडून सांगत. 'प्लेन्टी फॉर ऑल' या त्यांच्या पुस्तकात हा विचार विस्ताराने आला आहे. त्यांची मुख्य गोष्ट कुणाही गृहिणीला समजेल अशी होती : ऊन फुकट आहे, ते पानांनी पकडायचे, आणि माती विकत आणायची नसते, ती घरी करायची असते. वाळका पाला, उसाची चिपाडे, स्वयंपाकघरातली साले आणि देठे, यांचे थर द्यायचे, शेण-गुळाच्या पाण्याने भिजवायचे, आणि धीर धरायचा. मुरमावर काय, पण गच्चीच्या सिमेंटवरही यातून काळी, भुसभुशीत माती तयार होते. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून हेच केले. स्वयंपाकघरातला ओला कचरा गच्चीवर गेला, त्याची माती झाली, आणि तिच्यात फळझाडे व भाज्या आल्या. आणि आम्ही? गुऱ्हाळांच्या आणि साखर कारखान्यांच्या मुलखात राहून शिवारातले पाचट काडी लावून जाळतो, ओला कचरा गाडीत टाकून गावाबाहेर धाडतो, आणि कुंडीसाठी मातीची पिशवी दुकानातून विकत आणतो!

कचऱ्याचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. मुंबईत धारावीच्या कडेला, मिठी नदीच्या काठी, शहराचा उकिरडा होता. त्याच ढिगाऱ्यावर झाडे लावून महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले आणि १९९४ साली ते लोकांना खुले झाले. सदतीस एकरांत आज तिथे दाट सावली आहे. आपल्या शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ साली झाली तेव्हा सागरमाळ हे नाव त्या जागेला शोभत होते; माळच होता तो. आज तिथली झाडी आणि तळी पाहून नव्या माणसाला हे खरे वाटणार नाही. उजाड जमीन सुधारते. न सुधारणारी एकच वस्तू आहे, ती म्हणजे टेबलाच्या पलीकडची नजर.

आम्हा मास्तरांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट जर्मनीतल्या लाइपझिग शहरात घडली. १८६४ साली तिथल्या हाउशिल्ड नावाच्या शाळाप्रमुखाने पालकांना जमवून एक मंडळ काढले आणि त्याला दिवंगत डॉक्टर श्रेबर यांचे नाव दिले. हेतू साधा : कारखान्यांच्या शहरात पोरांना खेळायला मैदान हवे. पुढे गेसेल नावाच्या एका मास्तरांनी त्या मैदानाच्या कडेने पोरांसाठी लहान लहान वाफे पाडले. पोरेच ती, चार दिवसांत कंटाळली. तण माजले. ते पाहून आईबापांना राहवेना. त्यांनी वाफे हाती घेतले, आणि तण काढता काढता तेच तिथे रमले. आज त्या देशात अशा बागा लाखोंनी आहेत आणि त्यांना अजून श्रेबरचेच नाव आहे. सरकारी आराखडा नंतर आला. आधी आला तो पोरांचा कंटाळा.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख भाबडा ठरेल. न्यूयॉर्क शहरात लिझ क्रिस्टी आणि तिच्या सोबत्यांनी १९७३ साली एका ओसाड, कचऱ्याने भरलेल्या प्लॉटवर बाग केली. तिचे पाहून गरिबांच्या वस्त्यांत शेकडो बागा झाल्या. ज्या जागेकडे कुणी फिरकत नव्हते ती जागा माणसांच्या घामाने देखणी झाली, आसपासच्या घरांना किंमत आली, आणि मग शहराच्या कारभाऱ्यांना आठवले की जागा आपली आहे! १९९९ साली अशा ११४ बागा लिलावात काढण्याचे ठरले. लोक रस्त्यावर उतरले. अखेर दोन लोकहितैषी संस्थांनी पैसे मोजून त्या बागा विकत घेतल्या तेव्हा त्या वाचल्या. म्हणून म्हणतो, नुसती फावडी घेऊन चालत नाही, कागद हवा. तोंडी आश्वासनावर शेवगा लावू नये. त्याला शेंगा यायच्या आत आश्वासन देणाऱ्याची बदली होते.

माझे मागणे लहान आहे. कॉलनीच्या खुल्या जागेत ठोकळे बसवू नका. तो पैसा वाचवा. त्यातून एक नळजोड द्या आणि चारी बाजूंनी जनावर शिरणार नाही असे कुंपण. रहिवाशांच्या मंडळाशी निदान दहा वर्षांचा लेखी करार करा. मंडळात निम्म्या बायका असाव्यात, आणि ओढ्यापलीकडच्या घरांनाही वाफे मिळावेत, हे करारातच लिहा. सातबारा तुमच्याकडेच ठेवा, तो आम्हाला नको. फाटकाची किल्ली मात्र पावट्याचा वेल लावणाऱ्या आज्जींच्या कनवटीला असेल. त्या पहाटे चारला उठतात. नऊला बाग बंद होण्याची भीती नाही.

याच आशयाचा अर्ज एका कचेरीत गेल्या वैशाखात दिला आहे. खाली सह्या आहेत, काही अंगठेही आहेत. पोच मिळाली. उत्तरासाठी दोनदा जाऊन आलो. पहिल्या वेळी कागद वर गेला होता, दुसऱ्या वेळी तो खाली आला होता. मेथीचे आणि चाकवताचे बी आज्जींनी फडक्यात बांधून माझ्या घरी आणून ठेवले आहे. ते तुळशीच्या लग्नापर्यंत थांबेल. हरभऱ्याचे मात्र दिवस निघून चालले आहेत.